यंत्राची भीती आणि शिक्षकाचे शिक्षण

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला 'आधुनिक तंत्रज्ञान आणि शिक्षक' असा विषय दिला आहे. आम्ही शिक्षक नाही. बँकेत कारकून आहोत आणि शिक्षणाने बी.ए. आहोत, तेही मराठी आणि मानसशास्त्र घेऊन. तेव्हा या विषयावर एखाद्या प्राध्यापकांना का बोलावत नाही, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, प्राध्यापक यंत्रावर बोलतील, तुम्ही माणसावर बोला. हे आम्हाला पटले. म्हणून आज जे काही बोलायचे ते यंत्राविषयी थोडे आणि ते हाताळणाऱ्या माणसाविषयी जास्त.

शाळा आणि यंत्र असा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे खरेदीवर जाते. किती शाळांना संगणक मिळाले, किती वर्गांत पडदे लागले, कोणाच्या निधीतून लागले, कोणाच्या हस्ते लागले. नारळ फुटतो, फोटो निघतो, यंत्र टेबलावर चढते. पुढे त्याचे बटण कोण दाबते, हे कोणी विचारत नाही. आम्हाला आज त्या बटणापाशी थांबायचे आहे.

वास्तविक ही गोष्ट नवी नाही. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि त्यापाठोपाठ १९८७ पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. शाळांना नकाशे, तक्ते, गणित-विज्ञानाच्या पेट्या मिळू लागल्या. आपल्यापैकी जे तेव्हा प्राथमिक शाळेत शिकत होते त्यांना ती पेटी आठवत असेल. कपाटात वरच्या खणात, कुलपात. आतले भिंग फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचे आणि भरून कोणी द्यायचे, ही गुरुजींना धास्ती. त्यापूर्वी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेच्या उपग्रहावरून आपल्या देशातील सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. साइट या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. नुसते मुलांसाठी कार्यक्रम करून ते थांबले नाहीत, सुटीच्या दिवसांत प्राथमिक शिक्षकांसाठीही विज्ञानाचे प्रशिक्षण त्याच पडद्यावरून दिले. म्हणजे शिक्षकाला आधी तयार केले पाहिजे ही जाण तेव्हाही होती. पुढे १९८४ साली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे इंग्लंडच्या बनावटीचे संगणक आले. तिथेही खोली, वीज आणि यंत्र यांची व्यवस्था आधी आणि शिक्षकाची नंतर, असाच क्रम बहुधा राहिला.

आता आमच्या क्षेत्राकडे येतो, कारण ही भीती आम्ही पहिल्यांदा शाळेत नाही, बँकेत पाहिली.

बँकांमध्ये यंत्रे आणण्यावरून मोठा वाद झाला होता, हे येथील ज्येष्ठांना माहीत आहे. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात त्याबाबत करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले. आम्ही २००२ साली नोकरीला लागलो तेव्हा शहरातल्या शाखांत संगणक होते, पण आमच्या ग्रामीण शाखेत अजून लेजरच होती. तिथे एक ज्येष्ठ कारकून होते. खातेदार दारातून आत येताना दिसला की हे त्याचा फोलिओ नंबर सांगत. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर सगळी शाखा त्यांच्या टेबलाभोवती जमायची, आणि कुठे घोळ आहे ते पाच मिनिटांत ते बोट ठेवून दाखवायचे.

काही वर्षांनी कोअर बँकिंग आले आणि हाच माणूस संगणकापुढे बसला की त्याची बोटे थरथरायला लागली. एकेक अक्षर शोधून टंकायचे. काउंटरपलीकडे रांग, रांगेत कालचे खातेदार, आणि ते म्हणायचे, 'काय साहेब, आज वेळ लागतोय?' बुद्धी कमी पडत होती असे म्हणायला जागा नाही. तीस वर्षांची विद्या एका दिवसात निरुपयोगी ठरली आणि तीही चारचौघांसमोर, हे त्यांचे दुःख होते. बँकेने त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले. तिथून ते जाड फाईल घेऊन परत आले, आणि ती फाईल टेबलाच्या खणात गेली.

त्यांची भीती गेली ती दोन कारणांनी. एक, काही आठवडे लेजर आणि यंत्र ही दोन्ही कामे बरोबरीने चालू होती. दिवसभराची नोंद दोन्हीकडे व्हायची आणि रात्री ताळा घ्यायचा. यंत्रात काही चुकले तर लेजरमध्ये खरे लिहिलेले असायचे, म्हणजे चुकीने कोणाचा पैसा बुडत नव्हता. आणि दुसरे, शेजारच्या खुर्चीत बसणारी नवी मुलगी. ती त्यांना शिकवत नव्हती. तिला व्हाउचरमधले अडले की ती त्यांना विचारायची, त्यांना कळफलकातले अडले की ते तिला विचारायचे. देवाणघेवाण होती, त्यामुळे कोणी लहान झाले नाही. सहा महिन्यांनी हेच गृहस्थ नव्या माणसांना एन्ट्री रिव्हर्स कशी करायची ते सांगू लागले.

बी.ए.ला मानसशास्त्राच्या अभ्यासात आम्ही अल्बर्ट बांडुरा यांचे नाव वाचले होते. १९७७ साली त्यांनी मांडले की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहिले आणि जमले, ही पहिली आणि सर्वांत भक्कम वाट. आपल्यासारखाच दुसरा माणूस ते करताना पाहणे, ही दुसरी. कोणीतरी विश्वासाने 'तू करशील' म्हणणे, ही तिसरी. आणि चौथी आपल्या शरीराची: छातीत धडधडले की माणूस समजतो आपल्याला हे झेपणार नाही, धडधड कमी झाली की समजतो झेपेल. परीक्षेसाठी आम्ही हे पाठ केले होते. खरे कळले ते त्या शाखेत.

आता शाळेत चला. आमच्या वहिनी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. डी.एड. करून १९९२ साली लागल्या. आमच्या घरातल्या त्या पहिल्या नोकरदार स्त्री. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही, पण आज जे सांगतो आहोत ते त्यांच्या परवानगीने. पहिलीचे मूल त्यांच्या हाती द्यावे आणि दिवाळीपर्यंत ते वाचू लागावे, अशी त्यांची ख्याती. फळ्यावरचे त्यांचे अक्षर पाहून पालक उभे राहतात.

राज्यात २००१ साली एमएससीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरांना तो किंवा त्याच्या बरोबरीची संगणक-अर्हता आवश्यक ठरली. वहिनींनी २००५ साली तो केला, चांगल्या गुणांनी केला, आणि प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लावून टाकले. शाळेत संगणक नव्हताच, घरीही नव्हता. शिकलेले हळूहळू विसरले. पोहणे शिकवायचे आणि दहा वर्षे पाणी दाखवायचे नाही, तसला हा प्रकार. पुढे २०१५ साली 'सरल' आले. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती संगणकात भरायची. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून गुरुजी मंडळी रात्री सायबर कॅफेत बसलेली आम्ही पाहिली आहेत. वहिनींची माहिती आमच्या पुतण्याने भरली. म्हणजे शिक्षकाची आणि यंत्राची खरी पहिली गाठ पडली ती मुलांना शिकवण्यासाठी नव्हे, कार्यालयाला आकडे पुरवण्यासाठी. यंत्र म्हणजे मुदत आणि नोटीस, हे तेव्हाच मनात बसले.

त्याच वर्षी, २२ जून २०१५ रोजी, 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला. गावोगाव लोकवर्गणी झाली. वहिनींच्या शाळेनेही २०१६ साली वर्गणीतून एक प्रोजेक्टर घेतला. शाळेत एक तरुण गुरुजी होते, ते तो चालवायचे. शनिवारी वहिनी आपला वर्ग त्यांच्या खोलीत पाठवून द्यायच्या आणि स्वतः व्हरांड्यात वह्या तपासत बसायच्या. आम्ही एकदा विचारले, तुम्ही का नाही लावत? त्या म्हणाल्या, 'भाऊजी, खडू मोडला तर दुसरा घेता येतो. हे अडलं की चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतात.'

आम्हाला वाटले, वयाचा संकोच असेल. पुढे एकदा घरी बोलता बोलता खरे कारण बाहेर आले. प्रोजेक्टर आला त्या आठवड्यात वहिनींनी वायर जोडून पाहिली होती. पडद्यावर नुसता निळा उजेड, आणि 'नो सिग्नल'. त्या वेळी एक सहकारी हसत म्हणाले, 'बाईंना कशाला त्रास देता, त्यांना सगळं आयतं मिळायची सवय आहे.' हसणारे हसले. पुन्हा वहिनींनी त्या यंत्राला हात लावला नाही.

मित्रहो, हे वाक्य इथे बसलेल्या कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ते प्रोजेक्टरबद्दल नव्हतेच. आणि म्हणूनच हा विषय आम्हाला नुसता तांत्रिक वाटत नाही. इतरांची चूक ही त्या माणसाची चूक असते. आपल्यातल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या शिक्षिकेची, अधिकाऱ्याची, डॉक्टरची चूक मात्र सगळ्या समाजाच्या खात्यावर नावे पडते. ज्याला चुकणे परवडत नाही तो माणूस नवे काही करून पाहत नाही. जे येते तेच घट्ट धरून ठेवतो. मग लोक म्हणतात, हे मागेच राहतात. प्रशिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला आम्हाला तरी कुठे दिसला नाही. ते धरून चालतात की सगळे शिक्षक एकाच धैर्याने वर्गात येतात.

प्रशिक्षण झाले नाही असे नाही. तालुक्याला एक दिवसाची कार्यशाळा झाली. एका सभागृहात साठ-सत्तर शिक्षक, पुढे एक तज्ज्ञ, पडद्यावर झरझर सरकणारी चित्रे. मध्येच ते विचारायचे, 'समजलं ना?' आणि सगळे म्हणायचे, 'हो.' वहिनीही 'हो' म्हणाल्या. चहा, जेवण, सही, प्रवासभत्त्याचा अर्ज. तज्ज्ञांचा दोष आम्ही काढत नाही, एका दिवसात त्यांनी तरी काय करावे? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच सांगून ठेवले आहे की नुसते सांगून आणि दाखवून शिक्षकाचे वर्गातले काम बदलत नाही. वर्गात परतल्यावर सहकाऱ्याची सोबत लागते. आमच्या शाखेतली शेजारची खुर्ची ती हीच.

वहिनींच्या केंद्राला २०१७ मध्ये नव्या केंद्रप्रमुख आल्या. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरायची, त्यात भाषणे व्हायची. या बाईंनी भाषणे कमी केली आणि तीन-तीन शिक्षकांचे गट पाडले. दोन अटी घातल्या. एका गटात एका शाळेचे दोघे नकोत. आणि महिन्यातून एकदा, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, तिघांनी कोणा एकाच्या वर्गात तासभर बसायचे; त्यात आधी काय बिघडले ते सांगायचे, मग काय जमले ते. पहिल्या अटीतली हुशारी आमच्या उशिरा लक्षात आली. एका शाळेचे दोघे नसले म्हणजे तिथली फजिती आपल्या स्टाफरूममध्ये पोचत नाही. आणि दुसऱ्या अटीने फजिती हाच बैठकीचा पहिला विषय झाला. ज्याच्याकडे बिघडलेले काही नाही, त्याने महिनाभर काही केलेलेच नाही, असा त्याचा अर्थ. वहिनींच्या गटात त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या, शेजारच्या वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतल्या, आणि एक नवे गुरुजी. त्या दुसऱ्या बाईंनी पहिल्याच शनिवारी सांगितले की त्यांनी मोबाईलवर कविता लावायला घेतली आणि मध्येच मुलाच्या सासऱ्यांचा फोन आला, तो सगळ्या वर्गाने स्पीकरवर ऐकला. वहिनी घरी येऊन हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांच्या छातीतली धडधड तिथे कमी झाली असावी.

महिन्याला एकच गोष्ट करायची असे ठरले होते. पहिल्या महिन्यात वहिनींनी काही जोडले नाही, लावले नाही. स्वतःच्या साध्या मोबाईलवर मुलांचे वाचन रेकॉर्ड केले. एकेका मुलाला कोपऱ्यात बोलवायचे, चार ओळी वाचून घ्यायच्या, लगेच त्याचे त्याला ऐकवायचे. एक मुलगा वर्गात कधी मोठ्याने वाचत नसे. त्याने कुजबुजत वाचले, ऐकले, आणि म्हणाला, बाई, पुन्हा घ्या, इथे मी अडखळलो. यात यंत्राचा चमत्कार काही नाही. पण वहिनींना कळले की ही वस्तू आपण जे पंचवीस वर्षे करत आलो त्याच्याच कामाची आहे. त्यांचे कौशल्य यंत्राने हिरावून घेतले नाही, यंत्र त्या कौशल्याच्या हाताखाली आले.

पुढच्या महिन्यात स्पीकर जोडणे. त्याच्या पुढच्या महिन्यात प्रोजेक्टर. आधी गटातल्या तिघांनी मुले नसताना चार वेळा जोडून, काढून, मुद्दाम चुकीच्या ठिकाणी वायर खुपसून पाहिली. 'नो सिग्नल' म्हणजे आपण नालायक असा अर्थ नसून रिमोटवरचे सोर्सचे बटण दाबायचे असा अर्थ आहे, हे वहिनींनी वहीत लिहून ठेवले. ती शंभरपानी वही आम्ही पाहिली आहे. डाव्या पानावर काय केले, उजव्या पानावर काय झाले. लेजरच म्हणा ना.

५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे केंद्र सरकारचे व्यासपीठ सुरू झाले. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांवरही ते चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर कोड आले. मोबाईलने ते टिपले की त्या धड्याचे साहित्य उघडते. वहिनींच्या शाळेच्या गावात नेटवर्क म्हणजे टेकडीवर गेले तर एक काडी. तेव्हा घरी आठवडाभराचे साहित्य उतरवून न्यायचे, हे त्या नव्या गुरुजींनी त्यांना दाखवले. आणि पहिलीच्या मुलाला जोडाक्षर कसे बसवायचे, हे वहिनींनी त्या गुरुजींना दाखवले. पुन्हा तीच देवाणघेवाण.

आत्मविश्वास आला हे कशावरून ओळखावे? रोज पडदा लावला म्हणजे आला असे आम्ही मानत नाही. वहिनींनी एकदा चंद्राच्या कलांवर चित्रफीत दाखवली. मुलांनी गुपचूप पाहिली. नंतर विचारले, चंद्र लहान-मोठा का दिसतो? बहुतेकांनी उत्तर दिले, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर ग्रहणाचे आहे, कलांचे नव्हे. जुन्या वहिनी असत्या तर यंत्राला नावे ठेवून मोकळ्या झाल्या असत्या, आणि एखादे तंत्रस्नेही असते तर दुसरी चित्रफीत लावली असती. वहिनींनी दुसऱ्या दिवशी खिडक्यांना सतरंज्या लावल्या, एका बाजूला प्रोजेक्टरचा नुसता पांढरा उजेड सोडला, एकेका मुलाच्या हातात चेंडू दिला, आणि हात लांब, डोक्याच्या थोडा वर धरून स्वतःभोवती सावकाश फिरायला सांगितले. चेंडूचा उजेडाकडचा अर्धा भाग कायम उजळलेला, आपल्याला मात्र त्यातला कधी कोरभर, कधी अर्धा, कधी पूर्ण दिसतो. मुले ओरडली, बाई, अमावस्या! मग तीच चित्रफीत पुन्हा लावली, मध्ये मध्ये थांबवत. आता प्रश्न मुलांकडून येऊ लागले. लाखभराच्या यंत्राचा दिवा म्हणून उपयोग केला म्हणून कोणी हसेल. आम्हाला तर त्या दिवशी वाटले की आता वहिनी मालकीण झाल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळ जण डी.एल.एड., बी.एड. करीत आहेत, टीईटीची तयारी करीत आहेत. तुम्हाला वाटत असेल, ही म्हाताऱ्यांची रड आहे, आम्ही तर मोबाईल घेऊनच जन्मलो. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोघांनी २००६ साली एक मांडणी केली, ती तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा आली असेल. विषय येणे वेगळे, शिकवणे येणे वेगळे, यंत्र येणे वेगळे. आणि अमुक विषय अमुक मुलांना अमुक साधनाने कसा पोचेल हे समजणे, ही या तिन्हींच्या पलीकडची चौथीच गोष्ट आहे. तुमच्याजवळ तिसरी आहे. वहिनींजवळ पहिल्या दोन होत्या. तेव्हा गुर्मी कोणी करू नये. तुम्हालाही शेजारची खुर्ची लागणार.

आणखी एक. अशा वेळी मोठी नावे सांगायची पद्धत आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामातून नाव मिळवले, २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळवले आणि त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजली, दूरदूरचे शिक्षक ती पाहायला गेले. ही कामे मोठीच आहेत, अभिमानाची आहेत. पण घाबरलेल्या शिक्षकाला ती सांगितली तर धीर येतो की धडकी भरते, हे पाहिले पाहिजे. बांडुरांची दुसरी वाट 'आपल्यासारखा माणूस' अशी आहे. वहिनींना धीर आला तो व्याह्यांचा फोन वर्गाला ऐकवणाऱ्या बाईंमुळे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वरून लिंकचा पाऊस सुरू झाला. सकाळी एक, दुपारी एक, आणि 'विद्यार्थ्यांपर्यंत पोचवा' अशी सूचना. वहिनींच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत तसला मोबाईलच नव्हता, आणि जिथे होता तिथे तो बापाबरोबर कामावर जायचा. पाच वर्षांपूर्वीच्या वहिनी असत्या तर आलेली लिंक पुढे ढकलून गप्प बसल्या असत्या. त्यांनी आधी वर्गाची यादी केली: कोणाकडे कसला फोन, तो घरी किती वाजता असतो. साध्या फोनवाल्या घरांना संध्याकाळी चार-चार मुलांचा एकत्र कॉल लावून दहा मिनिटे वाचन. स्मार्टफोनवाल्यांना स्वतःच्या आवाजातला छोटा पाठ. फोनच नसलेल्या मुलांसाठी, बंधने सैल झाल्यावर, आठवड्यातून एकदा वस्तीवर जाऊन पारावर अंतराअंतराने बसवून अभ्यासपत्रिका. वरून आलेले काय वापरायचे आणि काय बाजूला ठेवायचे हे त्यांनी ठरवले, आणि विचारणा झाली तेव्हा कारणासह सांगितले. तरी काही मुले सुटलीच. दोन मुली त्या दीड वर्षात शाळेतून गेल्या त्या परत आल्या नाहीत. एकीचे लग्न लावून दिले असे नंतर कळले. यंत्राने सगळे सावरले असे चित्र आम्हाला येथे रंगवायचे नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा 'निष्ठा' हा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून तो 'दीक्षा'वर ऑनलाइन आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दर वर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास चांगले आहेत. पण चित्रफीत चालू करून मोबाईल उशाशी ठेवून स्वयंपाक करणारेही आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे प्रमाणपत्र वेळेवर आलेले पाहिले आहे. बँकेतही असे ऑनलाइन धडे असतात, त्यामुळे ही विद्या आम्हाला परकी नाही! पन्नास तासांतले दहा जरी तीन माणसांच्या एका बाकावर गेले तरी उरलेल्या चाळिसांचे चीज होईल, असे आमचे मत आहे.

हे सगळे शासन करील तेव्हा करील. आपल्या मंडळाची अभ्यासिका आहे. तिथे मुले स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, संध्याकाळी जागा मिळत नाही. पण शनिवारी दुपारी ती रिकामी असते, हे आम्ही पाहून ठेवले आहे. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, आणि शाळा शनिवारी सकाळची असते. तेव्हा कार्यकारिणीने असे मान्य केले आहे की दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोन ते चार अभ्यासिकेची आतली खोली शिक्षकांसाठी ठेवायची. आपल्या समाजातलेच शिक्षक यावेत असे नाही, ज्याला भीती वाटते त्या कोणीही यावे. डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांनीही यावे, पण शिकवायला नव्हे, अदलाबदल करायला. येताना स्वतःचा मोबाईल आणि पुढच्या आठवड्यात शिकवायचा धडा ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक आणावे. तिथे हजेरी घेतली जाणार नाही, फोटो काढले जाणार नाहीत, प्रमाणपत्र मिळणार नाही. आत काय बिघडले ते बाहेर बोलायचे नाही, एवढा एकच नियम आहे.

वहिनी पहिले काही शनिवार येणार आहेत. त्यांची ती वहीही त्या आणतील, कोणाला पाहायची असेल तर. एका सभासदांनी जुना प्रोजेक्टर दिला आहे, तो चालतो, फक्त सुरू झाल्यावर पाच मिनिटे त्याला तापू द्यावे लागते. भिंतीला पांढरा रंग युवक शाखेची मुले या आठवड्यात देणार आहेत. वायर मात्र आखूड आहे, टेबल भिंतीला टेकवावे लागते. कोणाकडे लांब एचडीएमआय वायर पडून असेल तर येत्या शनिवारी घेऊन यावी.

जयभीम.